टर्बाइनची पत्रिका: नवशिक्यांसाठी सोपी मांडणी

अभिनंदन! जलाघात मोजणारं सॉफ्टवेअर तुमच्या संगणकावर बसलं आहे. जलाशय, बोगदा, सर्ज टँक, दाबवाहिनी हे सगळं तुम्ही पडद्यावर ओढून जोडलंही आहे. साहेबांना आलेख शुक्रवारी टेबलावर हवा आहे. राहिलं फक्त शेवटचं चिन्ह, टर्बाइन. त्यावर दोनदा क्लिक केलं की चौकट उघडते आणि कॅरॅक्टरिस्टिक्स मागते. घाबरू नका, त्याच चौकटीत 'डीफॉल्ट' नावाची सोयही असते.

आधी ही मागणी कशाची आहे ते समजून घेऊ. पाइप बिचारा साधा असतो. लांबी, व्यास, लहरीचा वेग सांगितला की तो गप्प बसतो. टर्बाइनला स्वभाव असतो. अमुक हेड, अमुक फेरे आणि गाइड व्हेन इतक्या उघड्या असतील तर ते किती पाणी पिईल आणि किती टॉर्क देईल, याची ही पत्रिका. निर्माता छोटं मॉडेल प्रयोगशाळेत फिरवून ती मांडतो आणि तिला हिल चार्ट म्हणतात. ती मागवण्यासाठी पत्रव्यवहार करावा लागतो, गोपनीयतेचे करार करावे लागतात. शुक्रवार जवळ आलेला असताना हे कोण करणार? तेव्हा दुसऱ्याची पत्रिका वापरा. गुण जुळल्याचं सॉफ्टवेअर लगेच सांगतं.

कुणाची पत्रिका उसनी घ्यायची हे ठरतं विशिष्ट वेगावरून. फेऱ्यांना किलोवॉटच्या वर्गमुळाने गुणायचं आणि हेडच्या सव्वाव्या घाताने भागायचं. कोयनेच्या चौथ्या टप्प्याच्या आकाराचा संच धरा: २५० मेगावॉट, हेड ५०० मीटर, मिनिटाला ३७५ फेरे. उत्तर येतं ७९. काही सॉफ्टवेअरमध्ये ३०, ४५ आणि ६० अशा विशिष्ट वेगांच्या तयार वक्ररेषा मिळतात. ७९ ला सगळ्यात जवळचा आकडा ६०, म्हणून तो निवडा आणि चहाला जा. ते आकडे अश्वशक्ती आणि फुटांतले असतात, आपल्या मापात आणायला ३.८१ ने गुणावं लागतं, ही माहिती मदतपुस्तिकेत असते, आणि मदतपुस्तिका वाचायची नसते. गुणलं असतं तर कळलं असतं की ६० म्हणजे आपल्या मापातले २२९ आणि यादीतले सगळ्यात लहान ३० सुद्धा ११४. तुमच्या ७९ ला यादीत जागाच नाही.

इतकं बिघडतं काय, असं तुम्ही विचाराल. या धंद्यातली खरी मेख इथेच आहे, म्हणून जरा थांबू.

कोयनेचे पहिले दोन टप्पे, म्हणजे पोफळीचं वीजघर, पेल्टन चाकांचं. पेल्टनमध्ये पाणी नोझलमधून हवेत सुटतं आणि मग चाकावर आदळतं. चाक कितीही वेगाने फिरो, नोझलला त्याचा पत्ता नसतो. विसर्ग फक्त सुईवर ठरतो. संच ट्रिप झाला तर डिफ्लेक्टर झोताला बाजूला वळवतो आणि सुई सावकाश मिटते. अशा टर्बाइनच्या जागी एक झडप दाखवली तरी दाबवाहिनीच्या हिशेबाला चालून जातं. चौथ्या टप्प्यात मात्र फ्रान्सिस आहेत, प्रत्येकी २५० मेगावॉटचे ४ संच. उंच हेडच्या फ्रान्सिसमध्ये पाणी बाहेरून आत येतं आणि फिरता रनर त्याला बाहेर ढकलू बघतो. ब्रेकर उघडला, भार सुटला, फेरे वाढले की हा ढकलाढकलीचा जोर वाढतो आणि विसर्ग आपोआप घटतो. गाइड व्हेनला कुणी हातही लावलेला नसतो, तरी दाबवाहिनीत दाब चढायला लागतो. विशिष्ट वेग वाढत जातो तसा हा परिणाम ओसरतो आणि कापलानमध्ये तर उलटतो. म्हणून जास्त विशिष्ट वेगाची उसनी पत्रिका लावली की आलेखातला दाब सौम्य दिसतो. साहेब खूश, दाबवाहिनीच्या पत्र्याची जाडीही कमी.

पुढचा रकाना जडत्वाचा. निर्मात्याच्या कागदावर जीडी-स्क्वेअर लिहिलेलं असतं, सॉफ्टवेअर बहुधा आय मागतं. दोन्ही टन-मीटर-वर्गात, म्हणून आकडा जसाच्या तसा उतरवा. पहिल्यात व्यासाचा वर्ग आणि दुसऱ्यात त्रिज्येचा, त्यामुळे जडत्व चौपट होतं आणि भार सुटल्यावरचा सुरुवातीचा प्रवेग पाव. इतका शहाणा संच तुम्ही आयुष्यात पाहिला नसेल. उलट फक्त रनरचं जडत्व भरून जनित्राचा रोटर विसरलात, तर संच क्षणात उधळतो. मग मात्र चूक शोधावीशी वाटते. वाईट दिसणारं उत्तर तपासायचं आणि चांगलं दिसणारं छापायचं, ही आपली जुनी रीत.

गाइड व्हेन मिटण्याचा वेळ हा ओढाताणीचा भाग. झटपट मिटवल्या तर दाब चढतो, रेंगाळलात तर फेरे चढतात. दाबवाहिनी ६०० मीटर आणि लहरीचा वेग सेकंदाला १२०० मीटर धरला, तर लहर जाऊन परत यायला १ सेकंद लागतो. त्याच्या आत प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटरने तोडला तरी सुमारे १२० मीटर हेडचा फटका बसतो. झुकोव्हस्कीने १८९८ साली मांडलेलं हे गणित अजून जुनं झालेलं नाही. म्हणून आधी जलद आणि शेवटी मंद अशी दोन टप्प्यांची मिटवणी वापरतात. त्यात गंमत अशी की मिटताना प्रत्येक संच अगदी लहान उघडीतून जातो आणि मॉडेलच्या चाचणीत नेमकी तिथेच मोजमापं विरळ असतात. तिथे पट्टी ठेवून रेघ वाढवा. निर्मात्याने उघडी अंशांत दिली आणि तुम्ही टक्क्यांत भरली, तरी सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही.

घाटघरसारखा उदंचन प्रकल्प वाट्याला आला तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवा. १२५ मेगावॉटचे २ संच, तेच पंप आणि तेच टर्बाइन. अशा यंत्रांच्या वक्ररेषेला इंग्रजी एस अक्षरासारखं वळण असतं. तिथे एकाच वेगाला, एकाच उघडीवर तीन वेगळे विसर्ग लागू पडतात. भार सुटला की संच त्या वळणावरून घसरतो, ब्रेकसारखा वागतो आणि टर्बाइनच्याच दिशेने फिरत असताना पाणी उलटं वर ढकलतो. साधं अंतर्वेशन तिथे गोंधळतं आणि आलेखाला करवतीचे दाते फुटतात. सुटरने १९६६ मध्ये कोनाच्या भाषेत मांडलेल्या वक्ररेषा यावरचा प्रचलित उपाय आहेत. आळशी उपायही आहे: दाते गुळगुळीत करा आणि त्यांना 'संख्यात्मक गोंगाट' म्हणा.

अहवालाला झकास मुखपृष्ठ लावा आणि निवांत राहा. अडचण एकच. संच उभा राहिला की २५, ५०, ७५ आणि १०० टक्के भारावर मुद्दाम ब्रेकर उघडून पाहतात. स्पायरल केसिंगमधला दाब, फेरे आणि गाइड व्हेनची उघडी एकाच वेळी नोंदली जाते आणि तुमचा आलेख शेजारी ठेवला जातो. तेव्हा हिल चार्टसाठीचं पत्र आजच निर्मात्याला पाठवा. नाहीतर त्या दिवसाच्या रजेचा अर्ज तरी टाकून ठेवा.