चालतंय का?

छंदांची प्रतवारी लावायची तर तिकिटं, नाणी आणि काडेपेट्यांचे छाप जमवणाऱ्यांना वरचा मान द्यायला हवा. त्यांचा त्रास घरच्या एका कपाटापुरताच असतो. सगळ्यात खाली बसतील ते, सिनेमात पाहिलेली वस्तू हुबेहूब करून दिवाणखान्यात मांडणारे. कारण ही मंडळी एकटी छंदी होत नाहीत, अख्ख्या गावाला कामाला लावतात.

या छंदाचं मोठं तीर्थक्षेत्र म्हणजे ‘स्टार वॉर्स’. 1977 साली आलेल्या त्या सिनेमात प्रकाशाच्या तलवारी आहेत. नायकाच्या तलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स या अमेरिकन कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी. कलाविभागातल्या रॉजर ख्रिश्चन यांना ती लंडनच्या एका फोटोसामानाच्या दुकानात सापडली. हातात पैसे बेताचे होते. त्यांनी दांडीवर रबराच्या पट्ट्या चिकटवल्या आणि तलवार झाली. नायकाच्या वयोवृद्ध गुरूच्या तलवारीत तर पहिल्या महायुद्धातल्या ग्रेनेडचा भाग, रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनाची नळी आणि बाथरूमच्या नळाची चकती असा संसार एकत्र नांदतो. आकाशगंगेचं रक्षण करायला निघालेला साधुपुरुष मुठीत नळाची चकती घेऊन फिरतो आणि कुणाला पत्ता लागत नाही, हीच तर सिनेमाची करामत.

पुढची गंमत छंदिष्टांची. त्यांना तोच फ्लॅश हवा, त्याच बनावटीचा, शक्य तर तितकाच खरचटलेला. नळाची चकती दुसऱ्या कंपनीची असेल तर ती तलवार खोटी. ज्यांनी मूळ वस्तू केली त्यांनी मिळेल ते लावलं, आणि नक्कल करणाऱ्यांना मात्र नेमकं तेच मिळायला हवं. मूळ कारागिराला जी सवलत होती ती नक्कल करणाऱ्याला नाही.

हा ताप कोल्हापुरात यायला उशीर झाला, पण आला. माझ्या एका निवृत्त मित्राला तो चढला. पण तो पडला पक्का कोल्हापूरकर. त्याला परग्रहावरची तलवार नको होती. त्याला हवा होता कलामहर्षी बाबूराव पेंटरांच्या काळातला हाताने फिरवायचा सिनेकॅमेरा: लाकडी पेटी, पितळी कोपरे, बाजूला दांडा. चालणारा नव्हे, फक्त दिसणारा. पण दिसायला असा, की जाणकारानेही फसावं. सागवान कुठल्याशा जुन्या वाड्याच्या दारातून आलं, भिंग भंगारवाल्याकडून. स्क्रूपाशी मात्र गाडं अडलं. जुन्या इंग्रजी यंत्रांना व्हिटवर्थचे आटे असायचे, आजचे मिलिमीटरचे स्क्रू त्याला चालेनात. म्हणून स्वारी शिवाजी उद्यमनगरात गेली, सोबत मलाही घेऊन.

उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री आणि सुताच्या मापात बोलणारी माणसं. ‘दोन सूत कमी कर’ म्हटलं की पाव इंच नेमका उतरतो. तिथल्या एका बुजुर्ग मिस्त्रींनी पेटी सगळ्या बाजूंनी पाहिली, दांडा फिरवला, आत बोट घातलं.

“आत काय न्हाई की वो, सायेब.”

“नाहीच. आत काही लागत नाही.”

“मग चालतंय का?”

“चालायचं नाही, मामा. फक्त हुबेहूब दिसायचं.”

मामांनी पेटी खाली ठेवली. एखाद्याने जेवणाचं ताट मांडून ‘जेवायचं नाही, फक्त बघायचं’ म्हणावं तशी त्यांची मुद्रा झाली. मित्राने वकिली केली: खरी कॉर्नरला बाबूरावांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो तरी कुठे चालतो? मामा शांतपणे म्हणाले, “त्याच्यावर निदान चिमण्या तरी बसत्यात. तुमच्यावर धूळ बसंल.”

मामांची बाजू मला परतीच्या वाटेवर पटत गेली, कारण या गावात सिनेमाची सुरुवातच ‘चालतंय का’ या प्रश्नाने झाली आहे. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांचा मूळ धंदा दिसण्याचाच होता. संगीत नाटकांच्या बहराच्या काळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे म्हणून त्यांचं नाव होतं. कापडावर राजवाडा उभा करायचा, कापडावर अरण्य. त्या राजवाड्यात कुणी राहायला जाणार नव्हतं, तेव्हा ‘चालतंय का’ असं विचारायची सोय नव्हती. मग 1913 चा फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनी पाहिला आणि दिसण्यावर समाधान मानणारी ही माणसं बिघडली.

फाळक्यांनी विल्यमसन कॅमेरा 1912 साली थेट लंडनहून आणला होता. कोल्हापूरच्या या भावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर घेतला. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचं पोटातलं दुखणं एकच: फिल्मची पट्टी सरकली पाहिजे, क्षणभर थांबली पाहिजे, पुन्हा सरकली पाहिजे. हातकॅमेऱ्यात दांड्याच्या एका फेऱ्याला आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. थांबण्यात केसभर चूक झाली की पडद्यावरचा भीम थरथरू लागतो. हे थांबणं-सरकणं रंगवून दाखवता येत नाही. ते घडवावंच लागतं.

कॅमेऱ्याची जुळणी चालू असतानाच 1916 साली आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी 1918 मध्ये चालणारा कॅमेरा उभा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी 1917 मध्येच निघाली होती, तिला तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिलं होतं. त्या कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 साली लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने कात्री लावली. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच काळात. पुढे दामले आणि फत्तेलाल या त्यांच्या शिष्यांनी शांताराम बापूंबरोबर 1929 साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली.

‘सैरंध्री’ आज बघायला मिळत नाही, तो काळाने गिळला. म्हणजे एका जुन्या बाजारातल्या यंत्रावरून शिकून घडवलेल्या दुसऱ्या यंत्राने जे टिपलं ते गेलं, आणि ते यंत्र घडवण्याची गोष्ट तेवढी राहिली. अशा वेळी त्या यंत्राची हुबेहूब प्रतिकृती कपाटात असावी असं वाटणं काही गुन्हा नाही. सगळं जग वस्तू वापरून फेकत असताना कुणी एक स्क्रू शोधत गल्ल्या पालथ्या घालतो, ही भक्तीच म्हणायची. फक्त ही भक्ती देवाच्या अंगावरचे दागिने मोजत बसते, आणि देव कसा घडला हे विचारायचं राहून जातं.

पुढच्या खेपेला वाद चांगलाच पेटला. मामांनी दांड्यामागे बसवायला कुणाच्या तरी मोडक्या शिलाई मशीनचं चाक काढून ठेवलं होतं. मित्र भडकला. असलं चाक त्या काळच्या कॅमेऱ्यात असणं शक्यच नाही, नक्कल भ्रष्ट होईल, वगैरे.

मामा म्हणाले, “बाबूरावांनी काय इंग्लंडला पत्र धाडून चाक मागवलं हुतं काय? जे घावलं ते लावलं. तुम्हीबी तसंच करा, म्हंजी तंतोतंत हुईल.”

मित्र गप्प झाला. मलाही त्यात खोट काढता येईना. ज्यांनी हाती आलेल्या यंत्रावरून आपलं यंत्र उभं केलं, त्यांची नेमकी नक्कल करायची तर आधी त्यांच्या अडचणीची नक्कल करायला हवी. व्हिटवर्थचा स्क्रू मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर अधिक उत्तम, कारण तिथून पुढे डोकं चालवावं लागतं.

आता पेटीच्या आत मामा काहीतरी जुळवताहेत. पट्टी सरकते, पण अजून थांबत नाही. व्हिटवर्थचं नाव मित्र हल्ली घेत नाही, उद्यमनगरातून उशिरा परततो आणि जेवताना सेकंदाला दोन फेरे मोजत चमचा फिरवतो. वहिनींनी खबरदारी म्हणून घरचं शिलाई मशीन माहेरी पाठवून दिलं आहे.