घारापुरी, पाहुण्यांसह

मुंबईत घर असलं की घारापुरी आपोआप गळ्यात पडते. पाहुणे बदलतात, बेट तेच. यंदा अमरावतीचे मामा-मामी होते.

गेटवेहून लाँच तासभर घेते. वरच्या मजल्यावर बसायचे पैसे वेगळे, पण ते भरल्याशिवाय आपण समुद्रात आहोत हे पाहुण्यांना पटत नाही. वाटेत तेलाच्या टाक्यांचं एक बेट दिसतं. ते जवाहर द्वीप, तिथे प्रवाशांना उतरू देत नाहीत. तरी ते दिसलं की अर्धी लाँच पिशव्या सावरून उभी राहते. मामांनी तर चपलाही चढवल्या.

धक्क्यावर छोटी झुकझुक गाडी आहे. मामी तीत बसल्या. मामा शेजारून चालत निघाले आणि आधी पोचले, वर तिकिटाचे पैसे वाचले. हा पराक्रम पुढच्या 120 पायऱ्यांनी वसूल केला.

पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली दुकानं, आणि दुकानांवर माकडं. त्यांतल्या एकाने मामींच्या हातातली ताकाची बाटली घेतली. ओरबाडली नाही हो, घेतली. हळदीकुंकवाचं वाण घ्यावं तशी. मग कठड्यावर बसून झाकण बरोबर उलटं फिरवलं, दोन घोट घेतले, मीठ कमी असल्यासारखं तोंड केलं आणि उरलेलं ताक ओतून फरशीवरून चाटलं.

"खायचं हातात धरायचं नाय, मावशी," काकडीवाली म्हणाली. तिच्या टोपलीशेजारी काठी होती.

मामींना खरं तर सोमवारीच यायचं होतं, शंकराचा वार म्हणून. पण लेणी नेमकी सोमवारी बंद. "महादेव सोमवारी सुट्टी घेते?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पुरातत्त्व खात्याकडेही नसावं. आत मात्र वीस फुटी सदाशिवासमोर मामा चक्क गप्प झाले. पुढच्याच मिनिटाला त्यांनी देवाकडे पाठ करून फोटो काढवला. तीन मुखांपैकी एक त्यांच्या टोपीमागे गेलं.

या बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत, याचा लेणी बघणाऱ्यांना पत्ताच नसतो. संध्याकाळच्या शेवटच्या लाँचने सगळे परत जातात. समोर मुंबईचा झगमगाट, आणि गावात 2018 पर्यंत जनरेटरवर रात्रीचे काही तासच दिवे. मग समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल आली. काकडीवालीने हे सांगितलं तेव्हा मामांचा चेहरा पडला. भारनियमनात विदर्भाचा हात कुणी धरणार नाही, असा त्यांचा इतकी वर्षं अभिमान होता.

परतताना मामांनी हिशोब मांडला. लेणी झाली, माकडं झाली, पण 'एलिफंटा' म्हणतात तो हत्ती कुठे आहे?

तो दगडी हत्ती 1864 मध्ये इंग्रज विलायतेला न्यायला निघाले होते. उचलताना तो पडून फुटला. पुढे जोडून भायखळ्याला, राणीच्या बागेच्या आवारात उभा केला.

"म्हणजे हत्ती मुंबईतच आहे?"

"हो मामा."

"मंग लाँच कायले केली? उद्या भायखळा."

उद्या बुधवार. राणीची बाग बुधवारी बंद असते. हे सांगायला मी गेटवे येईपर्यंत थांबलो.