गोठाकाका

आगमनकाळ सुरू झाला की वसईतल्या आळ्यांमध्ये एक गृहस्थ हटकून उगवतात. वर्षभर ते बँकेत असतात, नाहीतर वाडीत केळी बघत असतात. पण डिसेंबरात त्यांच्या कानावर पेन्सिल चढते आणि खिशातून मेजरटेप डोकावू लागतो. हे गोठाकाका. नाताळचा गोठा 'मुलांसाठी' करायचा, हे त्यांचं व्रत. 'मुलांकडून' करून घेणं मात्र त्यात बसत नाही.

"या रे पोरांनो, आज आपण तारा करू," अशी हाळी ते देतात. पोरं कातर, गोंद, रंगीत कागद घेऊन धावत येतात. पहिल्या पाच मिनिटांत कातर काकांच्या हातात जाते, कारण 'बोट कापेल'. मग गोंद जातो, कारण 'सांडेल'. पोरांकडे उरतं ते धरणं. बांबूच्या पाच कामट्या बांधून एक चांदणी, तशीच दुसरी, दोन्ही पाठीला पाठ लावून मध्ये आधाराच्या काड्या आणि वरून पतंगाचा कागद, एवढंच खरं तर ते काम. पण ती टोकं धरून पोरांचे हात भरून येतात. "काका, मी चिकटवू?" "तू धर." "काका, सोडू?" "सोडलंस तर बघ!"

थर्मोकोलचा विषय त्यांच्यासमोर काढू नये. 2018 साली राज्यात प्लॅस्टिकबरोबर थर्मोकोलच्या मखरांवरही बंदी आली, तेव्हापासून काका सुतकात आहेत. आता डोंगर गोणपाटाचे, छप्पर पेंढ्याचं. माझ्या मते गोठा त्यामुळे पहिल्यांदाच गोठ्यासारखा दिसायला लागला. पण हे मी त्यांना सांगत नाही.

त्यांना इतिहासही तोंडपाठ. डोंगर वाळेपर्यंत ते पोरांना बसवून सांगतात, की संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी पहिला गोठा मांडला, तोही खरा बैल आणि खरं गाढव आणून. परवा एका चिमुरडीने विचारलं, "मग त्या गोठ्याला मुलांना हात लावू देत होते का?" काकांना एकदम होल्डर तपासायची आठवण झाली.

पोरांना मिळालेलं एकमेव स्वतंत्र खातं म्हणजे शेती. ताटलीत मेथी पेरायची आणि रोज पाणी शिंपडायचं. खातं एकच आणि मंत्री सात, त्यामुळे प्रत्येकाने आपापलं शिंपडलं. मेथी कुजली. काकांनी गुपचूप दुसरी ताटली पेरली आणि 'बघा, तुमची मेथी उगवली' असं जाहीर केलं. तेवढ्यापुरता माणूस मोठ्या मनाचा.

खरी मजा काका माळेचा फ्यूज बघायला शिडीवर चढले की सुरू होते. कापूस, काड्यापेटीच्या काड्या आणि मिरीचे डोळे एवढ्या भांडवलावर मेंढ्यांचा कळप उभा राहतो. एकेक मेंढी योसेफच्या कमरेला लागेल एवढी. मेंढपाळ कमी पडतात, तर शेजारच्या घरातून दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मावळा येतो, ढाल-तलवारीसकट. तीन राजांच्या मागे हिरवा डायनासोर रांगेत लागतो. उतरल्यावर काका डोक्याला हात लावतात. "प्रमाण बघा जरा, प्रमाण!" डायनासोर हद्दपार होतो. मावळा मात्र दरसाल वाचतो. पहारा लागतोच, असं काकांचं मत आहे.

24 तारखेच्या रात्री मिस्सा आटोपून लोक गोठे बघत हिंडतात. काका अंधारात, पण ऐकू येईल अशा अंतरावर उभे असतात. तेव्हा वसईला आलात तर "मुलांनी काय सुंदर केलाय हो!" असं चुकूनही म्हणू नका. दिव्यांचं कौतुक करा, डोंगराला हात लावून बघा, आणि मेंढ्यांबद्दल विचारायचं ते पोरांना बाजूला घेऊन विचारा.