पुण्याला जायचं चाललंय

डोंबिवलीत दर मजल्यावर एक तरी घर असं असतं, ज्यांचं 'पुण्याला जायचं चाललंय'. हे चालणं वर्षानुवर्षं चालतं. या घरात नवा फ्रिज येत नाही, कारण 'आता तिकडे गेल्यावरच घेऊ'. भिंतींना रंग लागत नाही. बाथरूमच्या गळतीला प्लंबरऐवजी बादली लावलेली असते. मुलगी दहावी होते, बारावी होते, पदवी घेते, लग्न होऊन खरोखर पुण्याला जाते, आणि आईवडील इकडे बादली बदलत बसतात. कुणी विचारलंच, तर 'हो, चाललंय आमचं' हे उत्तर तयार.

आमचंही चाललंय. मुलाची कंपनी हिंजवडीत. करोनापासून तो डोंबिवलीच्या बेडरूममधून हिंजवडीला कामाला जात होता, आणि तेच बरं होतं. आता कंपनीला त्याची आठवण येऊ लागली आहे. आठवड्यातले तीन दिवस तोंड दाखवा, असं फर्मान निघालं आणि घरात हालचाल सुरू झाली. गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान फाडून उलटं केलं, बायकोने मधोमध रेघ मारली आणि दोन रकाने पाडले: एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. पान रोज फ्रिजच्या दारावर लटकत असल्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यात भर घालू लागला. कुणीतरी मधेच 'गुरुवारी दूध अर्धा लिटर जास्त' असंही जमेच्या बाजूला लिहून गेलं आहे.

जमेची पहिली नोंद 'हवा'. त्यावर मतभेद नव्हते. आमच्या हवेची ख्याती अशी की २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. रंगपंचमीचा वेगळा खर्च डोंबिवलीकराला पडत नाही. (मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये तिथल्या कारखान्यांत स्फोट होऊन माणसं गेली. ती नोंद आईने स्वतःच्या हाताने केली आणि तिच्यावर कुणीही विनोद केला नाही.)

दुसरी नोंद 'लोकल सुटेल'. ही नोंद मी केली. सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. सरळ चढून जागा मिळत नाही, म्हणून आमच्यातले मुरलेले लोक आधी उलट्या दिशेने कल्याणला जातात आणि त्याच गाडीने 'रिटर्न' येतात. मुंबईला पोहोचण्यासाठी मुंबईपासून लांब जाणारी ही जमात अजून कुठे असेल असं वाटत नाही. मुलगा मात्र म्हणाला, ''बाबा, ही नोंद दोन्हीकडे लिहा.'' त्याचं गणित सरळ होतं. लोकलमध्ये माणूस उभा असतो, पण गाडी चालते. हिंजवडीत माणूस आरामात बसलेला असतो, गाडी मात्र उभी असते.

हिंजवडीचा कारभार मला तरी अजून उलगडलेला नाही. जगातल्या बड्या बड्या कंपन्यांच्या कचेऱ्या जिथे उभ्या आहेत, ते गाव वर्षानुवर्षं ग्रामपंचायत. अमेरिकेतल्या एखाद्या बँकेचा सर्व्हर मध्यरात्री बसला, तर तो दहा मिनिटांत उठवणारी पोरं इथे आहेत. पण वाकडच्या पुलाखाली बसलेली वाहतूक कुणी उठवायची? ग्रामपंचायतीने, एमआयडीसीने, पीएमआरडीएने, की शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने? हे ठरेपर्यंत पोरांची शिफ्ट संपलेली असते आणि तीच पोरं उलट्या दिशेने त्याच पुलाखाली येऊन बसलेली असतात.

आता सल्लागारांकडे वळू. गाव बदलायचा विचार बोलून दाखवला की नातेवाईक धावून येतात, आणि त्यातला प्रत्येक जण तुमच्या भल्याचंच सांगत असतो. माझा बाणेरचा आत्येभाऊ गेली काही वर्षं एकच वाक्य म्हणतो आहे: ''या रे इकडे, काय ठेवलंय तिथे!'' हे वाक्य तो नेहमी गाडीतून म्हणतो, मागे हॉर्न वाजत असतात, आणि तासभर बोलूनही तो त्याच सिग्नलला असतो. ''मोकळं आहे रे इथे सगळं,'' असं सांगता सांगता तो खिडकीची काच खाली करून कुणाला तरी अस्सल शिव्या देतो आणि पुन्हा मोकळ्या हवेकडे वळतो. सुरुवातीला मला त्याच्या प्रेमाचं कौतुक वाटायचं. मग लक्षात आलं की त्याचं कर्ज वीस वर्षांचं आहे.

त्यानंतर मी सगळ्या नातेवाइकांना या फूटपट्टीने मोजलं. ज्याचं कर्ज नुकतंच मंजूर झालंय, त्याचं शहरप्रेम सगळ्यात कडक. त्याच्या मते पुण्यात उकाडा नाही, डास नाहीत आणि खड्डे असले तरी ते डोंबिवलीच्या खड्ड्यांसारखे नाहीत. निम्मे हप्ते फेडलेला माणूस 'तसं बरं आहे' म्हणतो. आणि वाकडला भाड्याने राहणारा पुतण्या पहिल्याच फोनवर म्हणाला, ''काका, पाणी टँकरचं आहे, मेंटेनन्स वाढलाय, लिफ्ट बंद आहे.'' अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला खोटं बोलण्यात काहीच फायदा नसतो. त्यामुळे नव्या शहराची माहिती काढायची तर तिथल्या घरमालकाला विचारू नये, भाडेकरूला विचारावं. पण आपल्यात लग्नाची स्थळं आणि घरं दोन्ही मालकालाच विचारून ठरतात.

एका रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो. सॅम्पल फ्लॅट ही वस्तू ज्याने शोधून काढली, त्याला माणसाचं मन कळलेलं होतं. आतल्या खोल्यांना दारं नसतात, त्यामुळे खोल्या मोठ्या वाटतात. बेड जरा आखूड असतो, पण त्यावर झोपून बघायची कुणाची छाती नसते. टेबलावर काचेच्या वाडग्यात लिंबं असतात. आईने त्यातलं एक उचलून दाबून पाहिलं, प्लॅस्टिकचं निघालं. बायकोने सवयीने स्वयंपाकघरातला नळ सोडला. काही आलं नाही. टाय लावलेला विक्रेता मुलगा घाईने म्हणाला, ''मॅडम, तो डमी आहे.'' तेवढ्यात खाली टँकर येऊन उभा राहिला आणि त्याचा पाइप त्याच बिल्डरच्या शेजारच्या, राहत्या इमारतीकडे गेला. विक्रेत्या मुलाने त्याच दमात आम्हाला क्लब हाऊसकडे वळवलं. तिथे पोहण्याचा तलाव होता, आणि त्यात पाणी होतं.

पाण्याची गोष्ट पुढे कळली ती अशी. पुणे महापालिकेत २०१७ साली अकरा गावं आली आणि २०२१ साली आणखी तेवीस. गावं आली, पण नळ मागे राहिले. या वाढत्या भागांत बिल्डर एक हमीपत्र लिहून देतो की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. त्यावर परवानगी मिळते, इमारत उभी राहते, सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या गावाला जातो, आणि ते हमीपत्र एखाद्या फायलीत निवांत पडलेलं असतं. टँकरवाला मात्र रोज येतो. उन्हाळ्यात सोसायटीचा अध्यक्ष त्याला 'दादा' म्हणू लागतो, आणि मे महिन्यात 'साहेब'.

तळमजल्यावरचे काका पुण्याच्या विरोधात होते. त्यांनी नावेच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: 'दुपारी एक ते चार सगळं बंद.' मुलाने त्यांना सांगितलं की काका, चितळ्यांचं दुकान २०१७ पासून दुपारीही उघडं असतं. काकांना हा धक्काच होता. थोडा वेळ ते गप्प बसले. त्यांचं अर्धं आयुष्य पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर विनोद करण्यात गेलं होतं. शेवटी म्हणाले, ''मग पुण्यात राहिलं काय?'' त्यांनी नोंद खोडली नाही, फक्त तिच्यात दुरुस्ती केली: 'दुपारी एक ते चारसुद्धा उघडं. संस्कृती संपली.' नोंद आहे तिथेच, नावेच्या बाजूला.

खरं तर काकांनी पुलांवर लिहायला हवं होतं. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० साली पाडला, कारण तिथे दुमजली पूल बांधायचा होता. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरुंग लावून उडवला. त्यातला काही भाग इतका पुणेरी निघाला की स्फोटानंतरही जागचा हलला नाही, आणि त्याला यंत्रांनी समजूत घालून पाडावं लागलं. पुढच्या ऑगस्टमध्ये तिथे पूल, रॅम्प आणि सेवा रस्त्यांचं असं जाळं उघडलं, की आमचे आत्येभाऊ एकदा कोथरूडला लग्नाला निघाले आणि अक्षता पडल्या तेव्हा मुळशीच्या दिशेने प्रगती करत होते. हे त्यांनी स्वतः सांगितलं नाही. वहिनी बोलल्या.

आपण दोन शहरं तोलतो तेव्हा एका पारड्यात आपल्या गावाचा वर्तमानकाळ टाकतो आणि दुसऱ्यात परक्या गावाचा भविष्यकाळ. डोंबिवली म्हणजे आजची गर्दी, आजचा घाम, रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसलेली आजची फोर्थ सीट. पुणे म्हणजे मात्र होणारा रिंग रोड, पुरंदरला होणारा विमानतळ आणि हिंजवडी ते शिवाजीनगर अशी तेवीस किलोमीटरची होणारी मेट्रो. विक्रेत्या मुलाने 'होणारी' हा शब्द कधी गाळला आणि मेट्रो आमच्या गॅलरीखालून कधी धावू लागली, हे आम्हालाच कळलं नाही.

गंमत म्हणजे त्या मेट्रोचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झालं, १८ डिसेंबर २०१८ रोजी. आणि त्याच दिवशी, त्याच हातांनी, आमच्या कल्याणात ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचंही भूमिपूजन झालं. म्हणजे दोन्ही गावांचं भविष्य जुळं आहे. त्यानंतर किती गुढीपाडवे आले आणि गेले. डोंबिवलीचा पाडवा म्हणजे नववर्ष स्वागतयात्रा, करोनाचा काळ सोडला तर १९९९ पासून न चुकता वेळेवर निघते. मेट्रोला ती सवय अजून लागायची आहे. पण बाणेरचा भाऊ पुण्याच्या मेट्रोबद्दल बोलताना 'आमची मेट्रो' म्हणतो, आणि आमच्याकडे कल्याणच्या मेट्रोचा विषय निघाला की सगळे हसतात. हसणाऱ्यांत तेव्हा मीही होतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण तो छळ दोन्हीकडे सारखाच. आधारवरचा पत्ता, मतदार यादीसाठी फॉर्म आठ, गॅस, बँक, रेशन कार्ड. गाडीवरचा एमएच ०५ तेवढा राज्यातल्या राज्यात चालतो, त्यामुळे पुण्यात आपल्याला बाहेरचा म्हणून ओळखण्याची सोय कायम राहते. आणि घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ही नोंद जमेच्या बाजूला दोनदा अधोरेखित केलेली सापडली. कुणी केली हे विचारलं नाही. अक्षर ओळखीचं होतं.

यादी अशी मागच्या पानावरून पुढच्या पानावर गेली. आईने शेवटची अट घातली: पुण्यात तिच्या वयाच्या बायकांचं भजनी मंडळ हवं, पेटीवाली सुरात हवी, आणि पोळीभाजी केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर हवं. बिल्डरच्या छापील पत्रकात योगा डेक होता, अॅम्फी थिएटर होतं, पाळीव प्राण्यांसाठी उद्यान होतं. पेटी नव्हती.

आणि मग, सगळं ठरत आलं असताना, आमच्याच सोसायटीची पुनर्विकासाची सभा भरली. एकावन्न टक्के सभासदांची संमती लागते; आमच्यात एकावन्न टक्के लोक चहाच्या वेळेवरसुद्धा कधी एकमत झाले नव्हते. पण नव्या इमारतीत टेरेस मिळणार म्हटल्यावर हात भराभर वर गेले. 'चाललंय चाललंय' म्हणणाऱ्या साऱ्या घरांचेही. आमच्या वाट्याला येणाऱ्या जागेपेक्षा थोडी वाढीव जागा विकत घ्यायची ठरली. बँकेने कर्ज दिलं. पंधरा वर्षांचं.

मुलाने वाकडला तीन मित्रांबरोबर खोली घेतली. कॅलेंडरचं पान कुठे गेलं माहीत नाही. बहुतेक दूधवाल्याशी झालेल्या भांडणात पुरावा म्हणून खर्ची पडलं.

परवा रात्री आत्येभावाचा फोन आला. या खेपेला तो गाडीत नव्हता. मागे शांतता होती. म्हणाला, ''अरे, एक सांगायचं होतं. निवृत्तीचे पैसे आले, कर्ज एकरकमी फेडून टाकलं.'' मी अभिनंदन केलं. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, ''खरं सांगू? पुण्यात आता काही राहिलं नाही रे. पाणी नाही, रस्ते नाहीत, चालायची सोय नाही. तुमच्या बिल्डिंगमध्ये विकायला काही फ्लॅट असतील का? भाव काय चाललाय?''

''या रे इकडे,'' मी म्हणालो. ''काय ठेवलंय तिथे! नवी मुंबईचा विमानतळ जवळ, खाडीचा वारा, सगळं हाताशी. शिवाय आपली मेट्रो आहेच.''

''झाली का मेट्रो?''

''झालीच समज.''