जंजिरा कसा जिंकावा : पेण-रोहेकरांसाठी

मुरूडचा जंजिरा अजिंक्य आहे, ही समजूत आता सोडून द्यावी. शिवाजी महाराजांच्या मोहिमा निघाल्या, किल्ला पडला नाही. पुढे १६८२च्या सुमारास संभाजीराजांनी किल्ल्यापर्यंत पोचायला समुद्रात भराव घालायला घेतला, पण मोगल फौज कल्याणकडे उतरली आणि काम अर्धवट राहिलं. आपली गोष्ट वेगळी. आपल्याला राजपुरीच्या धक्क्यावर जाऊन-येऊन तिकीट मिळतं.

पेणकरांनी आधी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर हात साफ करून घ्यावा. त्यासाठी पंचांग उघडून तिथीची पाऊणपट करावी, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी, म्हणजे किल्ल्यात चालत जाता येतं. मात्र अष्टमीला भांग असतो, पाणी पुरतं हटत नाही, तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची तयारी हवी. हे गणित वडखळ नाक्यावर गाडी अडकलेली असताना बायकोला समजावून सांगू नये. कुलाब्याच्या तटावर चाकांच्या दोन तोफा आहेत. त्यांच्यावर १८४९ साल आणि यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव कोरलेलं आहे, ते अजिबात वाचू नये. कान्होजी आंग्रे तर १७२९ सालीच वारले. वाचलंत तर 'याच तोफेने आंग्र्यांनी इंग्रजांना पळवलं' ही तयार गोष्ट मुलांना सांगायची कशी?

रोहेकरांना सरावाची गरज नाही. अवचितगड, बिरवाडी, घोसाळगड, तळगड ही जंजिऱ्याच्या सिद्दीवर नजर ठेवणाऱ्या गडांची साखळी त्यांच्या परसातच आहे. पण हे गड चढावे लागतात, म्हणून वगळावेत. चणेऱ्यावरून थेट मुरूड गाठावं. शिधा म्हणून पोह्याचे पापड घ्यावेत. ते होडीत बसेपर्यंत संपतात.

होडी शिडाची असते. बसताक्षणी फोन उंच धरावा आणि 'इंजिन नाही का हो?' असं तांडेलाला विचारावं. हा प्रश्न त्याला रोज येतो, उत्तर मात्र येईलच असं नाही. समोर नुसती काळी भिंत दिसत राहील. दरवाजा कुठे आहे, हे होडी अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. शत्रूचीही हीच पंचाईत होत असणार, पण तोवर तुमचा सेल्फी चालू असेल. उतरताना लाट होडीला वर उचलते तेव्हाच पायरीवर पाय टाकावा, होडी खाली जाताना नाही. या लेखातला कामाचा सल्ला एवढाच.

पुढे मुक्काम तासाभराचाही नसतो. दरवाजाशी पंज्यात हत्ती दाबून धरलेला वाघ कोरलाय, त्याच्याकडे बोट दाखवून 'काय कोरलंय बघ' म्हणावं आणि स्वतः बघू नये. मग धावत कलालबांगडी गाठावी. या तोफेवर मुलाला बसवणं ही मोहिमेची सांगता समजली जाते. गाईड काही सांगत असेल तर मान डोलवावी, मात्र तोफेच्या पल्ल्याचा आकडा घरी पोचेपर्यंत दुप्पट करून घ्यावा. आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. चहूकडे खारं पाणी असताना आतली माणसं वेढ्यात तग कशी धरत, याचं अर्धं उत्तर तिथल्या पायऱ्यांवर मिळतं. पण तिथे ऊन फार. शिवाय होडीवाल्याची हाक आलेली असते.

किल्ला फत्ते झाला. आता तटावरून वायव्येला एकदा बघा. समुद्रात तो बुटका दिसतोय तो पद्मदुर्ग, कासा. जंजिरा पडेना, तेव्हा महाराजांनी सिद्दीच्या डोळ्यांसमोर उभा केलेला. त्याचे दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेलेत आणि दोन दगडांमधला चुना मात्र जसाच्या तसा पुढे राहिलाय, मधाच्या पोळ्याच्या भिंतींसारखा. तिथे आयतं तिकीट मिळत नाही, होडी आधी ठरवावी लागते आणि समुद्राने नाही म्हटलं तर परत यावं लागतं. गर्दी जवळजवळ नसतेच. पावसाळ्यात होड्या बंद होतात, तेव्हा थंडीतला एखादा शांत दिवस बघा आणि जंजिऱ्याच्या आधी तिथे जा.