शिस्तप्रिय ज्वालामुखी

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी लान्झारोतेची एकदिवसीय सहल म्हणजे नियोजनाचा आदर्शच. १७३० ते १७३६ अशी सहा वर्षे आग ओकून गावेच्या गावे गिळणारा तिमानफायाचा परिसर इथे बसच्या खिडकीतून तासाभराच्या आत उरकतो. मध्येच उतरायला मनाई, त्यामुळे बूटही मळत नाहीत. मग कर्मचारी जमिनीतल्या नळीत बादलीभर पाणी ओततो, वाफेचा फवारा उसळतो, टाळ्या पडतात. जेवायला त्याच उष्णतेवर भाजलेली कोंबडी! अशा गुणी ज्वालामुखीला आता गणवेश, ओळखपत्र आणि साप्ताहिक सुट्टी तेवढी द्यावी. उद्रेकही दुपारच्या जेवणानंतरच व्हावा, अशी लेखी समज द्यावी. मागचा, १८२४ सालचा, पूर्वपरवानगीशिवाय झाला होता.