सर, जरा हात फिरवा

शाळेत बाकीच्या शिक्षकांना आडनाव असतं, ड्रॉइंगच्या सरांना विषय असतो. पगारपत्रकात त्यांचंही आडनाव असेल. पण त्या नावाने कुणी हाक मारली, तर तेच इकडेतिकडे बघतील. ‘ड्रॉइंग सर’ ही हाक मात्र त्यांना दोन मजल्यांवरूनही ऐकू येते, आणि ऐकू आली की त्यांचे हात आपसूक शर्टाच्या बाह्या दुमडायला लागतात.

तसं त्यांचं काम ठरलेलं आहे. पाचवी ते दहावीला चित्रकला शिकवायची आणि शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरीला आणि इंटरमीजिएटला, मुलं बसवायची. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन. गंमत अशी की नेमकं हेच काम त्यांना कुणी धड करू देत नाही. सहामाही जवळ आली की गणिताचे सर दारात उभे. ‘सर, आजचा तुमचा तास घेतो हं, पोर्शन राहिलाय.’ ड्रॉइंगचा तास म्हणजे गावचा पाणवठा, ज्याला तहान लागेल त्याने यावं. तास गेलेले सर मग स्टाफरूममध्ये येऊन बसतात आणि रिकामे दिसतात. इथेच घात होतो.

कारण चित्रकला शिकायला शाळेला वेळ नसला, तरी चित्रकलेवाचून शाळेचं पान हलत नाही. जूनमध्ये प्रवेशोत्सवाचा फलक. आषाढीला विठ्ठल, तोही रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजवून, म्हणजे रंग उठून दिसतो आणि सहज पुसला जात नाही. मग पंधरा ऑगस्ट, मग गणपतीचं मखर. पूर्वी सर तापलेल्या तारेने थर्माकोल कापायचे. 2018 च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलची सजावट गेली आणि सर पुठ्ठ्यावर आले. पाच सप्टेंबरला ‘शिक्षकांना हार्दिक शुभेच्छा’ हा फलक एक शिक्षक बाकीच्यांसाठी लिहितो. डिसेंबरात स्नेहसंमेलनाचा पडदा, सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. एकाच खडूने आज ज्ञानेश्वर, उद्या रामन.

यातलं एकही काम त्यांना ‘काम’ म्हणून सांगितलं जात नाही. मागण्याची एक खास भाषा आहे. ‘सर, जरा बघा ना’, ‘नुसता एक हात फिरवा’, ‘पाच मिनिटांचं काम आहे’, आणि सगळ्यात जालीम म्हणजे, ‘तुमच्या हाताला काय वेळ लागतो!’ वास्तविक हात असा चालायला किती वर्षं लागली, हे कुणी विचारत नाही. देवनागरीचा टाक रोमनच्या उलट तिरका कापावा लागतो, दोन अक्षरांमधली जागा पट्टीने नाही, डोळ्याने मोजावी लागते, हे सगळं त्या पाच मिनिटांच्या पोटात असतं. पण काम चटकन झालं की ते सोपं ठरतं आणि सोपं ठरलं की फुकट ठरतं. सरांनी एखादा फलक तीन दिवस रखडवला असता, तर कदाचित त्यांना मानधन सुरू झालं असतं.

विज्ञानाच्या मॅडमना कुणी घरचा फ्यूज बघायला बोलावत नाही. इतिहासाच्या सरांना कुणी आपल्या घराण्याची बखर लिहून मागत नाही. पण संस्थेच्या चिटणीसांच्या नातवाचं बारसं निघालं की पाळण्यामागचा मोर सरांचा. निवडणुकीच्या ड्यूटीवर गेले तर तिथेही केंद्राध्यक्ष म्हणतात, ‘सर, तुम्ही ड्रॉइंगचे ना? मग पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या रांगांच्या पाट्या तेवढ्या लिहून टाका.’ ड्यूटीचा भत्ता मिळतो, पाट्यांचा मिळत नाही.

एकदा कुणीतरी त्यांना कायदा दाखवला. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 27. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला कोणतंही अशैक्षणिक काम लावू नये. सरांनी ते वाचलं आणि मान हलवली. ‘मखर शैक्षणिकच आहे हो, मुलं बघतात ना.’ त्याच कायद्याच्या परिशिष्टात असंही आहे की सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. अंशकालीन हा शब्द वाचून मात्र सर खळखळून हसले. त्या दिवशी ते रात्री साडेआठपर्यंत शाळेत होते.

लोकांना वाटतं सर भिडस्त आहेत. साफ चूक. सर माणसांना उत्तम नकार देतात. वाकड्या शिरोरेखेला त्यांना नकार देता येत नाही. हे मर्म मुख्याध्यापिकाबाईंनी अचूक ओळखलंय. ‘पाणी जपून वापरा’ ही पाटी हवी होती, तेव्हा त्या सरांकडे गेल्याच नाहीत. त्यांनी शिपाईमामांच्या हाती ब्रश दिला आणि पाटी मुद्दाम सरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लावली. ‘णी’ची वेलांटी घसरलेली, ‘वापरा’ला जागा न उरल्याने ‘रा’ खालच्या ओळीत एकटा उभा. सकाळी सरांनी ते पाहिलं आणि मान फिरवली. मधल्या सुट्टीत पुन्हा पाहिलं. चौथ्या तासाला ते डबा, ब्रश आणि स्टूल घेऊन नळाशी हजर होते. बाई खिडकीतून म्हणाल्या, ‘अहो सर, कशाला त्रास!’

फ्लेक्स आले तेव्हा वाटलं, आता सर सुटले. उलट झालं. पूर्वी फक्त शाळा मागायची, आता मोबाइलवर गाव मागायला लागलं. स्टेशनरोडला फ्लेक्सचं दुकान आहे, ते सरांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं. तो चौरस फुटावर पैसे घेतो आणि प्रत्येक प्रूफ आधी सरांना पाठवतो. सर ‘हार्दीक’चा ‘हार्दिक’ करतात, शुभेच्छुकांच्या पस्तीस फोटोंमधून वाढदिवसाच्या मूळ मालकाला शोधून पुढे आणतात, आणि जांभळ्यावरची लाल अक्षरं पिवळी करून देतात.

पोरगा मात्र गुणी. एका रविवारी त्याने फोन करून सरळ विचारलं, ‘सर, दर आठवड्याला एवढं बघून देता. मानधन किती देऊ?’ आजवरच्या नोकरीत हा प्रश्न सरांना पहिल्यांदाच आला. ते गडबडले आणि म्हणाले, ‘अरे, मानधन कसलं! पाच मिनिटांचं तर काम.’

आतल्या खोलीत शिलाई मशीन थांबलं. वहिनी घरी साड्यांना फॉल-पिको करतात. दाराबाहेर दरांची पाटी आहे, सरांनीच रंगवलेली, सुबक, सावली दिलेली, आणि तळाशी ठळक ‘उधारी बंद’. बिल्डिंगमधल्या एकाही बाईने वहिनींना आजवर ‘तुमच्या हाताला काय वेळ लागतो’ असं म्हटलेलं नाही. वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी हात पुढे करून फोन घेतला.

‘हं, बाळा, लिहून घे. नुसतं शुद्धलेखन बघायचे वेगळे, अक्षरं नव्याने बसवायचे वेगळे. रात्री नऊनंतर पाठवलंस तर घाईचं धरू, त्याला दीडपट. आणि हिशेब महिन्याच्या महिन्याला.’

पलीकडून ‘चालेल काकू’ आलं. घासाघीस नाही, काही नाही.

सर अवघडून म्हणाले, ‘अगं, विद्यार्थी आहे तो माझा!’

‘म्हणून तर,’ वहिनी मशीनकडे वळत म्हणाल्या, ‘दुप्पट नाही सांगितलं.’